वस्तऱ्याची धार: पट्टा, पुसणं आणि पावसाळा

खऱ्या वस्तऱ्याने दाढी करायला लागलं की पहिली भीती गाल कापण्याची असते. ती फार टिकत नाही. खरी अडचण महिना-दीड महिन्याने येते. सुरुवातीला अलगद फिरणारा वस्तरा केस ओढायला लागतो, मानेवर लाली येते, आणि माणूस ठरवून टाकतो की धार गेली, आता दगड विकत घ्यायला हवा. दगड येतो, त्यावर वस्तरा घासला जातो, आणि जी काही धार उरलेली असते तीही जाते. मग वस्तरा कपाटात आणि पुन्हा कार्ट्रिजचा खर्च सुरू.

माझं मत असं की दाढी करताना धार जेवढी जाते त्याहून जास्त ती पट्ट्यावर (वस्तऱ्याची धार ज्यावर घासून नीट करतात त्या कापडी-चामडी पट्टीवर) चुकीचा हात फिरवताना आणि ओलसर वस्तरा तसाच मिटून ठेवताना जाते. या दोन जागा सांभाळल्या तर दगडाचं काम वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी पडतं. म्हणून इथे पट्ट्याला भरपूर जागा दिली आहे, पुसण्या-सुकवण्याला त्याखालोखाल, आणि दगडाला मुद्दामच थोडी.

आधी हातातली वस्तू ओळखा

सलूनमध्ये आज जो वस्तरा दिसतो त्यात दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवलेला असतो. गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलायचं. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करता सलूनसाठी तेच योग्य. ऑनलाइन ‘वस्तरा’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे याच जातीचे असतात. त्यांना पट्टा लागत नाही. इथे बोलणं आहे ते अखंड पोलादी पात्याच्या वस्तऱ्याबद्दल, पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असायचा त्याबद्दल.

अशी पाती घडवण्यात ज्यांचं नाव झालं ती गावं मोजकी: इंग्लंडमधलं शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगेन, फ्रान्समधलं तिएर. झोलिंगेनचं नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. पातं त्या परिसरात घडलेलं नसेल तर त्यावर ते नाव कोरता येत नाही. आज नवा घ्यायचा तर झोलिंगेनचे डोवो, बोकर, राल्फ आउस्ट आणि तिएरचा तिएर-इसार ही भरवशाची नावं. नाव-गाव नसलेला स्वस्त वस्तरा टाळा. त्याचं पोलाद मऊ असतं, पातं वाकडं असतं, आणि दोष आपल्या हाताचा आहे असं वाटून नवशिका उगाच खचतो. जुन्या बाजारात शेफील्डचा किंवा झोलिंगेनचा एखादा वस्तरा सापडला आणि त्याच्या धारेला खड्डे नसतील, पातं अतोनात झिजलेलं नसेल, तर तो अशा नव्या मालापेक्षा कधीही बरा. मात्र आधीचा मालक कोण होता हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातं आणि मूठ नीट पुसून घ्या. उकळू नका, मूठ बाद होईल.

पहिला वस्तरा ५/८ किंवा ६/८ मापाचा, गोल टोकाचा घ्या. हे माप पात्याच्या रुंदीचं, इंचाच्या आठव्या भागांत. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. आणि एक गोष्ट विक्रेत्याला स्पष्ट विचारा: वस्तरा हाताने दगडावर लावून, दाढीला तयार करून देणार का? कारखान्यातून आलेली धार बऱ्याचदा थेट गालावर चालण्याइतकी नसते. पट्टा असलेली धार टिकवतो. नसलेली आणत नाही. इथे चुकलात तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

पात्याचं गणित

वस्तऱ्याचं पातं उघडून समोर धरा. वरची जाड बाजू म्हणजे पाठ, खालची धार, मुठीकडचं धारेचं टोक म्हणजे टाच आणि दुसरं ते टोकच. दोन्ही अंगांनी पातं आत खोल कोरलेलं दिसेल. हे कोरणं शोभेसाठी नाही. पातं सपाट जागेवर ठेवलं की फक्त पाठ आणि धार टेकतात, मधलं अंग अधांतरी राहतं. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून धारेचा कोन आपोआप ठरतो, दोन्ही बाजू धरून साधारण १६-१७ अंशांचा. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन हाताने धरावा लागतो, इथे तो पात्यातच घडवलेला आहे. तेव्हा पट्टा असो की दगड, नियम एकच: पाठ कधीही उचलायची नाही. पाठ उचलली की कोन बदलला, आणि कोन बदलला की धार बोथटली.

धारेचं टोक मायक्रॉनच्याही (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) अंशात मोजावं इतकं बारीक असतं. दाढीचा केस त्यामानाने जाडजूड, पन्नास ते शंभर मायक्रॉनच्या घरात, पण पोलादापेक्षा कितीतरी मऊ. मग मऊ केसाने कठीण पोलाद बोथट कसं होतं? अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. त्यांनी वापरून फेकायच्या रेझरची पाती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली. धार गोल होत होत झिजते असा समज होता, पण मुख्यतः तिचे बारीक टवके उडतात असं दिसलं. केस वाकला, पात्याशी तिरका झाला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, की टवका निघतो.

यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं: केस जितका भिजलेला आणि ताठ तितकी धार सुखरूप. कोरड्या, वाकणाऱ्या खुंटांवर वस्तरा फिरवू नका. आंघोळीनंतर दाढी करा किंवा दोन-तीन मिनिटं गरम पाण्याचा टॉवेल धरा, फेस दाट करा, कातडी ताणून धरा. पातं गालाशी साधारण ३० अंशांत ठेवा. उभं धरून खरवडलं तर कातडी आणि धार दोन्ही जातात.

पट्टा कोणता घ्यावा

वस्तऱ्याचा पट्टा दुहेरी असतो. एक पदर लिननचा, कॅनव्हासचा किंवा कापसाच्या जाड विणीचा, दुसरा चामड्याचा. कापडी पदर धारेवरची ओल, साबणाचा अंश आणि डोळ्यांना न दिसणारा गंज काढतो. चामडं वाकडी-तिकडी झालेली धार ओळीत आणतं आणि तिला शेवटची गुळगुळीत सफाई देतं. धातू झिजतो तो नावापुरता. चुकीचा हात मात्र याच पट्ट्यावर एका मिनिटात महिन्याभराची धार उतरवतो.

भिंतीला अडकवायचा पट्टा घ्या, रुंदी तीन इंच. अडीच इंची पट्टाही चालतो, पण वस्तऱ्याचं पातं साधारण तीन इंच लांब असल्याने त्यावर तिरक्या फेऱ्या मारायला शिकावं लागतं, आणि सुरुवातीला एवढं ओझं नको. चामडं गाईचं असो, म्हशीचं किंवा घोड्याचं, फरक असतो तो ओढीचा. काही पट्टे पात्याला धरून ठेवतात, काही सरसर सोडतात. नवशिक्याने मध्यम ओढीचं, गुळगुळीत, गाठ-सुरकुती नसलेलं चामडं घ्यावं. महाग घोड्याच्या चामड्याच्या नादी सुरुवातीलाच लागू नका, कारण पहिल्या पट्ट्यावर चिरा पडणार हे धरूनच चालायचं. लाकडी फळीवर चिकटवलेला पट्टाही मिळतो. तो झोळ खात नाही हा त्याचा गुण, आणि भाड्याच्या घरात भिंतीला हूक ठोकायची सोय नसेल तर तोच बरा.

नवा पट्टा आला की रोज काही मिनिटं कोरड्या, स्वच्छ तळहाताने लांबीच्या दिशेने घासा. हाताचं तेल आणि ऊब चामड्याला पुरते. तेलाची बाटली ओतायचा मोह आवरा. तेलकट चामडं पात्याला धरत नाही आणि सुधारताही येत नाही.

हात कसा फिरवायचा

वस्तरा हातात घेण्याआधी लोणी लावायच्या बोथट सुरीने सराव करा. आठवडाभर केला तरी जास्त नाही. उलटवण्याची हालचाल बोटांत मुरली पाहिजे, तोवर धारदार पातं आणि नवा पट्टा यांची गाठ घालून देऊ नका.

हूक मजबूत हवा, बेंबी आणि छातीच्या मधल्या उंचीवर. पट्ट्याचं मोकळं टोक डाव्या हाताने धरून स्वतःकडे ओढा. पट्टा ताठ हवा. झोळ राहिला तर चामडं पात्याच्या कडेला वळसा घालतं आणि धार गोल करतं. सगळ्यात जास्त धारा जिथे बुडतात ती जागा हीच. मात्र ताठ ठेवायचा म्हणून पात्यावर जोर द्यायचा नाही. डाव्या हाताचा जोर पट्ट्याला, उजव्या हाताचं वजन पात्याला शून्य.

वस्तरा पूर्ण उघडा, मूठ आणि पातं साधारण एका ओळीत येऊ द्या. पात्याच्या मागचा निमुळता दांडा उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा. मूठ बाकीच्या बोटांत हलकी राहील. पुढे वस्तरा उलटवायचा तो याच दोन बोटांत हा दांडा फिरवून. मनगट वळवलं तर पातं एका बाजूला तिरकं होतं आणि टाच किंवा टोक पट्ट्यात घुसतं.

आता पातं आपल्या जवळच्या टोकाशी पट्ट्यावर टेकवा: पाठ पुढे, हुकाच्या दिशेने, आणि धार आपल्याकडे. पाठ आणि धार दोन्ही टेकलेले. या स्थितीत हुकाकडे सरकवा. पाठ पुढे चालते, धार मागून घसटत येते. हुकाच्या थोडं आधी थांबा. थांबा म्हणजे खरोखर थांबा. मग पाठ चामड्यावर टेकलेलीच ठेवून, तिच्यावरच पातं उलटं लोळवा, म्हणजे धार वरून फिरून हुकाकडे जाईल. आता पुन्हा पाठ पुढे ठेवून आपल्याकडे ओढा. जाऊन-येऊन ही एक फेरी.

पात्याची हालचाल संपण्याआधी उलटवायला गेलात की धार पुढे असताना वस्तरा चामड्यात शिरतो आणि पट्ट्यावर चीर पडते. नवशिक्यांच्या पट्ट्यांवर हुकाजवळ अर्धचंद्राच्या खुणा दिसतात त्या याच. म्हणून वेग विसरा. सिनेमातला न्हावी फटाफट हात चालवतो ते पडद्यापुरतं ठीक. संथ, एकसारखी, पूर्ण लांबीची फेरी धारेला पुरते. वेग महिन्यांनी आपोआप येतो, आणि नाही आला तरी दाढीला काही फरक पडत नाही.

रोजच्या दाढीआधी कापडी पदरावर २० फेऱ्या, मग चामड्यावर ५० ते ६०. हे आकडे वस्तऱ्याच्या जगात बरेचसे रूढ आहेत, पण दगडावर कोरलेले नाहीत. चांगल्या हाताच्या ३० फेऱ्या वाईट हाताच्या शंभरांना भारी. चामड्याआधी कापड, हा क्रम मात्र उलटवू नका. कापडाने निघायची घाण नाहीतर चामड्यावर बसते.

फेऱ्या मारताना कान आणि बोटं जागी ठेवा. पातळ, खोल कोरलेलं पातं चामड्यावर एक बारीक, एकसारखा आवाज करतं. आवाज मध्येच बदलला, ओढ एका बाजूला वाढली किंवा टाचेकडे खरखर जाणवली तर थांबून पाहा: पाठ उचलली जातेय का, पट्टा मध्ये दबलाय का, की पात्याला खरोखर टवका उडालाय. पुरेसा सराव झाला की पंचवीस-तीस फेऱ्यांनंतर ओढ थोडी वाढलेली जाणवेल. पातं चामड्याला एकसारखं भिडतंय याची ती खूण.

पट्टा अडीच इंची असेल तर प्रत्येक फेरीत पातं थोडं आडवंही सरकवत न्या, म्हणजे सुरुवातीला टाच पट्ट्यावर असेल आणि शेवटी टोक. दोन्ही दिशांना हे केलं की पात्याची वाट फुलीच्या आकाराची होते. पातं किंचित हसऱ्या कडेचं, म्हणजे मध्ये फुगीर असेल तर रुंद पट्ट्यावरही हीच पद्धत लागते.

पट्ट्यावर चीर पडलीच तर? टांगलेल्या चामड्याची वर आलेली कड रबर सिमेंटने बसवा, वाळू द्या, मग बारीक सँडपेपरने, ४०० च्या पुढच्या नंबरच्या, हलकेच समपातळीत आणा आणि धूळ पुसून टाका. पट्ट्याच्या काठाला खाच पडली असेल आणि पातं तिला लागत नसेल तर काहीच करू नका.

धार पाहायची कशी

अंगठा धारेच्या लांबीने फिरवून पाहायचा नाही, हे सांगावं लागू नये पण लागतं. नखावर घासूनही पाहू नका, धार तिथेच थोडी उतरते. हाताच्या केसांवरून, कातडीला न टेकवता, चार-पाच मिलिमीटर उंचावरून पातं न्या. धार चांगली असेल तर केसांचे शेंडे न ओढता तुटतात. दुसरी रीत म्हणजे धुतलेला एक केस चिमटीत धरून सेंटीमीटरभर बाहेर ठेवायचा आणि त्याचं मोकळं टोक धारेवर अलगद सोडायचं. तो टपकन तुटला तर उत्तम, जरा अडकून तुटला तरी दाढी होते. केस जाड की बारीक, मुळाकडचं टोक आत की बाहेर, यावर निकाल बदलतो. त्यामुळे नेहमी स्वतःच्याच डोक्याचा केस, एकाच पद्धतीने घ्या आणि आजच्या धारेची तुलना मागच्या महिन्याच्या धारेशी करा, दुसऱ्याच्या व्हिडिओशी नव्हे.

शेवटचा शब्द गालाचा. गालावर नीट चालणारा वस्तरा हनुवटीवर ओढत असेल तर दोष बहुधा धारेचा नसतो, कोनाचा असतो.

दाढी झाल्यावरची पाच मिनिटं

दाढी करताना फेस उडवायला पातं नळाखाली धरतात, तिथे सर्वांत जास्त टवके उडतात. पितळेच्या तोटीला धारेचा ओझरता स्पर्श पुरतो. वाटीत कोमट पाणी घ्या आणि पातं त्यात हलवा, पण वाटीच्या काठाला लावू नका. नाहीतर फेस ओल्या टॉवेलच्या घडीवर पुसा, पाठीकडून धारेकडे.

दाढी संपली की पातं स्वच्छ पाण्याने धुवा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा, कारण जड पाण्यातले क्षार वाळले की पात्यावर पांढरे ठिपके राहतात आणि त्यांच्याखाली गंज धरतो. मग टिश्यू किंवा जुन्या सुती बनियनचा तुकडा घेऊन पाठीकडून धारेकडे पुसा. धारेवरून आडवं कधीच नाही. मुठीच्या दोन बाजूंमधल्या खाचेत पाणी शिरलेलं असतं. टिश्यूची घडी घालून ती तिथे सरकवा आणि खिळीजवळची ओल टिपून घ्या. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

यानंतर कापडी पदरावर १०-१५ फेऱ्या मारा. धारेच्या अगदी टोकाला चिकटलेलं पाणी रुमालाने निघत नाही, कापडाने निघतं. हे मी रोज करतो आणि यात सवलत घेत नाही. मग वस्तरा निदान तासभर उघडा ठेवा, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.

तुरटीबद्दल एक इशारा. दाढीनंतर तुरटी फिरवायची आपली सवय चांगली आहे, पण तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. तुरटी लावलेल्या ओल्या बोटांनी वस्तरा उचलला तर दुसऱ्या दिवशी पात्यावर बोटांचे काळपट ठसे दिसतात. आधी वस्तरा पुसून बाजूला ठेवा, मग तुरटी.

पावसाळा

या विषयावरची बहुतेक माहिती जर्मन किंवा इंग्रज हवामानात जमा झालेली आहे. मुंबईच्या, कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जुलैत ती जशीच्या तशी चालत नाही. चांगला वस्तरा उच्च कार्बन पोलादाचा असतो. त्यात गंजरोधक क्रोमियम जवळजवळ नसतं. दमट, खारट हवेत एका रात्रीत पात्यावर तांबूस पुरळ उठू शकतं, आणि ते धारेवर उठलं तर पट्टा ते काढू शकत नाही.

बाथरूममध्ये वस्तरा ठेवू नका, आरशामागच्या कपाटातही नाही. बेडरूमच्या कपाटात, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. पुड्या अधूनमधून बदला. वस्तऱ्यासोबत येणारी चामड्याची थैली पावसाळ्यात वापरू नका. चामडं ओल धरून ठेवतं.

जून ते सप्टेंबर प्रत्येक दाढीनंतर पात्याला तेलाचा पातळ हात द्या. शिलाई मशीनचं तेल सगळ्यात सोयीचं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि चिकटत नाही. जपानी लोक कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात, तेही उत्तम. खोबरेल नको. कालांतराने ते खवट होतं, थंडीत गोठतं. पुढच्या दाढीआधी तेल पुसून टाका आणि मगच पट्ट्यावर या, नाहीतर सगळं तेल पट्ट्यात.

पट्ट्यालाही बुरशी येते. तो मोकळ्या हवेत टांगा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. पांढरट बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात ठेवलात तर चामडं ताठ होऊन वाकतं. विदर्भातल्या मे महिन्यात उलटी तऱ्हा: हवा इतकी कोरडी की चामडं कडक पडतं. तिथे तळहाताने घासणं वाढवा, तेवढ्याने भागतं.

जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी कधी कधी सेल्युलॉइडच्या असतात. हे सेल्युलॉइड म्हातारं झालं की कुजतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. मुठीजवळच पातं गंजत असेल आणि उघडताना कापरासारखा किंवा आंबट वास येत असेल तर तो वस्तरा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. एकाच डब्यात ठेवलात तर शेजारचेही जातील.

एवढ्या कटकटीत पडायचं नसेल तर गंजरोधक पोलादाचा वस्तरा शोधा. झ्विलिंगचा जुना फ्रिओडुर त्यातला नामी. दगडावर तो जरा हट्टी असतो, पण किनारपट्टीवर राहणाऱ्याला तो हट्ट परवडतो.

पट्टा पुरेनासा झाला की

रोज दाढी करणाऱ्याला दोन-तीन महिन्यांनी कधीतरी जाणवतं की ६० फेऱ्या मारूनही हनुवटीखाली ओढ लागते. तेव्हा पेस्ट. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट, कण अर्ध्या मायक्रॉनचे, किंवा तितक्याच बारीक हिऱ्याच्या कणांचा स्प्रे. ही पेस्ट रोजच्या पट्ट्यावर कधीही लावायची नाही. वेगळी कापडी पट्टी किंवा बाल्सा लाकडाची सपाट फळी घ्या, तिच्यावर अगदी थोडी चोळा, आठ-दहा फेऱ्या मारा, पातं पुसा, मग नेहमीचं कापड आणि चामडं. हार्डवेअरच्या दुकानातली धातू चकाकवायची हिरवी वडी हीच असावी असं वाटेल, पण तिच्यात जाड कणांची भेसळ असू शकते. वस्तऱ्यासाठी म्हणून विकलेली पेस्टच घ्या.

पेस्टची चटक लागते. दर आठवड्याला वापरली तर धार हळूहळू गोलावते, आणि एक दिवस असा येतो की पेस्टनेही काही होत नाही. मग दगडाला पर्याय नाही.

दगडाचा नंबर जितका मोठा तितके कण बारीक. १००० नंबर फक्त टवका उडाला असेल किंवा धारेचा उतारच बिघडला असेल तर. त्यानंतर ४००० किंवा ५०००, मग ८०००, शेवटी १२०००. नुसती ताजी करायची धार असेल तर १२००० एकटा पुरतो. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल हा नैसर्गिक दगडही शेवटच्या सफाईसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, पण त्याचा अंदाज यायला वेळ लागतो. दगड काचेसारखा सपाट हवा. त्यावर पेन्सिलने जाळी काढा आणि काचेवर चिकटवलेल्या ४०० नंबरच्या पाण्याच्या सँडपेपरवर तो घासा. सगळ्या रेघा गेल्या म्हणजे दगड सपाट झाला.

दगडावर दिशा पट्ट्याच्या उलट: धार पुढे, पाठ मागे. पाठ टेकलेली ठेवायची हे मात्र तेच. पाणी सतत हवं, आणि शेवटच्या दगडावर वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार नको. १२००० वर वीस-तीस फेऱ्या झाल्या की धुवा, पुसा, ६० फेऱ्या चामड्यावर, आणि दाढी करून पाहा. अजूनही ओढत असेल तर १२००० वर शंभर फेऱ्या मारत बसू नका. त्याआधीच्या दगडावरचं काम अर्धवट राहिलंय. ८००० वर परत जा.

सायकलवर चाक बसवून गल्लोगल्ली फिरणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. विळी-कात्रीसाठी त्याचा हात वाकबगार असतो, पण त्या चाकाची उष्णता इतक्या पातळ पात्याला सोसत नाही. कडेला निळसर झाक आली की तिथलं पाणी उतरलं, ती जागा पुन्हा धार धरत नाही. स्वतः दगड घ्यायचा नसेल तर हाताने वस्तरे लावून देणारे हौशी लोक शोधा आणि कुरियरने पाठवा. पातं मिटून त्यावर कागदाची घडी, वर रबर नको, सुती दोरा. रबरातलं गंधक पोलादाला काळं करतं.